चार दिवसांत दोन किलो? ते पाणीच!
"मीठ कमी केलं आणि चार दिवसांत दोन किलो उतरले" असं कुणीतरी लिहिलंय. आनंद आहे, पण ती चरबी नव्हे हो. अंगात मिठातलं सोडियम वाढलं की शरीर पाणी धरून ठेवतं. मीठ घटलं की ते लघवीवाटे निघून जातं. त्यामुळे लग्नाच्या पंगतीनंतर काटा परत चढला तर हाय खाऊ नका.

आमच्याकडे आमटी-भाजीत मीठ बेताचंच होतं. चोर सापडले ताटाच्या डाव्या बाजूला! लोणचं, शेंगदाण्याची चटणी, शिवाय पापड (पापडखारातही सोडियम असतंच). जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सगळं धरून जेमतेम एक छोटा चमचा. मी आमटीत आमसूल वाढवलं, लोणचं रविवारपुरतं ठेवलं. पहिले आठ-दहा दिवस नवरा "अळणी, अळणी" करत होता, आता त्यालाच बाहेरची मिसळ खारट लागते.

'लो सोडियम' मिठात मात्र पोटॅशियम असतं. किडनीचा त्रास किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच आणा. आणि पाय सुजून नडगीवर बोट दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर मिठावर खापर न फोडता आधी दाखवून या.