पीक पाहणीच्या आराखड्यात पुतण्या कुठे आहे?

रानजाई: ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झाली. तोवर गाव नमुना 12 वर, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या भागात, पिकाची नोंद तलाठी करायचे. आता शेतकऱ्यानं रानात उभं राहून ॲपवर फोटो काढायचा. मी सॉफ्टवेअरच्या रिक्वायरमेंट, म्हणजे त्यानं कुणासाठी काय करायचं ते, लिहिते. आमच्या आकृतीत हे तीन चौकोनांत संपतं: शेतकरी, ॲप, सर्व्हर. माझ्या काकांकडे मात्र बटणांचा फोन आहे. त्यांचा पुतण्या रविवारी पुण्याहून येतो, सोयाबीनमधून वाट काढत, स्क्रीनकडे बघत गटाच्या मध्यबिंदूकडे सरकतो. तो आला नाही तर नोंद राहून जाते, मग पीककर्जापासून भरपाईपर्यंत सगळीकडे अडतं.

एरिक यू यांनी टोरांटो विद्यापीठात 1995 साली आय-स्टार ही पद्धत मांडली. तीत कोण कोणावर कशासाठी अवलंबून आहे, ते आकृतीत काढतात. सरकारी ॲपची पहिली स्क्रीन आखण्याआधी हे काढलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कोरा_सातबारा: नाही पटलं. ऑफिसात बसून आकृती काढणाऱ्याला काका दिसणार कसे? चार गावांत आठवडाभर मुक्काम करा, पुरे. आणि जुनी पद्धत माणसांचीच होती. तलाठी चावडीत बसून पीक पाहणी उरकायचे. आमच्या रानात कापूस, कागदावर सलग दोन वर्षं ज्वारी. आता नोंद माझ्या हातात आहे.

रानजाई: मुक्काम हवाच. पण तिथं दिसलेलं टेंडरच्या कागदात उतरलं नाही, तर ठेकेदार ‘शेतकरी’ एवढाच शब्द वाचतो.

मधला_बाक: मला भीती वेगळीच वाटते. पुतण्या आकृतीत आला की त्याला लॉगिन येणार, मग जबाबदारी आणि परवानगी. शेजाऱ्याच्या फोनवर सहज होणारं काम अडून बसेल.

रानजाई: ही भीती रास्त आहे. पण एका मोबाईलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. म्हणजे ॲप आखताना शेजारी कुणाच्या तरी डोळ्यांसमोर होता, आणि त्याला परवानगी मागावी लागली नाही. ज्यांच्याकडे असा कुणीच नाही, त्यांच्यासाठी नंतर गावपातळीवर सहायक नेमावे लागले. ते आधीच कळलं असतं.

कोरा_सातबारा: आमचा सहायक भावकीच्या भांडणात पलीकडच्या बाजूचा. वडील त्याला बांधावर पाय ठेवू देत नाहीत. हे कुठल्या चौकोनात घालाल?

रानजाई: चौकोनात नाही. आय-स्टारमध्ये मोजता न येणाऱ्या अपेक्षा ढगाच्या आकारात काढतात, ‘विश्वास’ तिथं येतो. अख्खं भांडण त्यात मावेल असं मी म्हणत नाही. पण सहायक शेजारच्या गावचा मागता येईल का, हा प्रश्न नेमणुकीआधी कुणीतरी विचारेल.