दहा मीटर एअर रायफलची खरेदी आणि डीलरची टोलवाटोलवी : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

बी-६०४ : सर्वांना नमस्कार. आमचा मुलगा शाळेपासून क्लबच्या रायफलवर दहा मीटर नेमबाजीचा सराव करतो आहे आणि आता त्याची स्वतःची मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, घ्यावी, असे त्याच्या प्रशिक्षकांनी सुचवले आहे. एका डीलरने फोनवर तीन लाखांच्या आसपास किंमत सांगितली आणि निम्मी रक्कम आगाऊ मागितली. परंतु कोटेशन लेखी द्या म्हटले की ते विषय बदलतात. ए-७०२ ताई, तुमची मुलगी राज्य स्पर्धांत खेळते, म्हणून तुमचा अनुभव विचारतो आहे. ग्रुपवरच विचारतो, कारण आपल्याकडची आणखी दोन-तीन मुले याच वाटेवर आहेत.

ए-१०१ (सचिव) : प्रश्न योग्य आहे, चर्चा अवश्य करावी. फक्त एक खुलासा हवा आहे. अशी रायफल घरात ठेवण्यासाठी परवाना लागतो का? काही सभासद मला तसे विचारतील.

ए-७०२ : सचिव काका, २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ज्या एअर रायफलच्या नळीचा आतला व्यास .१७७ इंचापेक्षा, म्हणजे साडेचार मिलिमीटरपेक्षा मोठा नाही आणि जिच्या छऱ्याची ऊर्जा वीस जूलच्या आत आहे, तिला परवाना लागत नाही. दहा मीटर स्पर्धेच्या रायफली याच मर्यादेत बसतात आणि त्यांची ऊर्जा साधारण साडेसात जूलच्या आसपास असते. विक्रेता ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. त्याच्या प्रती आपल्याकडेही जपून ठेवाव्यात. आमच्या घरी रायफल कुलूपबंद पेटीत असते आणि सोसायटीच्या आवारात ती कधीही बाहेर काढली जात नाही.

आता बी-६०४ दादांच्या मूळ प्रश्नाकडे येते, आणि हे थोडे सविस्तर लिहिते, कारण आम्हाला जो मनस्ताप झाला तो दुसऱ्या कोणाला होऊ नये असे मनापासून वाटते.

या रायफली बनवणारे कारखाने जगात मोजकेच आहेत. वाल्थर आणि आन्शुट्झ हे जर्मनीतल्या उल्म गावचे, फाइनवेर्कबाउ हे ओबर्नडॉर्फचे, तर श्टायर ऑस्ट्रियाचे. युरोपातले दुकानदार त्यांच्या किमती संकेतस्थळावर उघडपणे छापतात. साधारण दोन ते चार हजार युरोंच्या दरम्यान बहुतेक मॉडेल्स मिळतात. आपल्याकडे मात्र किंमत फोन केल्यावरच कळते, आणि तीही फोन करणारा कोण आहे यावर बदलते. आम्ही एकाच आठवड्यात एकाच मॉडेलसाठी दोनदा विचारणा केली, एकदा मी आणि एकदा मुलीच्या प्रशिक्षकांनी, तेव्हा सांगितलेल्या दोन आकड्यांत चांगलीच तफावत होती. विचारल्यावर युरोचा दर वाढल्याचे कारण मिळाले, पण आगाऊ रक्कम भरल्यानंतर तोच दर उतरला असता तर फरक परत मिळाला असता का, याचे उत्तर कोणी दिले नाही.

दिवाळीच्या सुमारास आम्ही पैसे भरले आणि ‘संक्रांतीपर्यंत नक्की’ असे तोंडी आश्वासन मिळाले. प्रत्यक्षात रायफल हाती आली तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. मधल्या काळात कधी माल कस्टम्समध्ये अडकला होता, कधी कारखान्याने उशीर केला होता, तर कधी फोनच उचलला जात नव्हता. मुलगी उधारीच्या रायफलवर सराव करत होती आणि वाढत्या वयात उंची, हाताची लांबी, मानेचा कोन हे सगळे बदलत असल्याने स्वतःच्या बटवर (खांद्याला टेकणारा मागचा भाग) आणि चीकपीसवर (गालाचा आधार) बसण्याचा जो काळ तिला हवा होता तो वाया गेला. पैशापेक्षा मला याचे दुःख जास्त आहे.

सी-२०३ : ताई, मी वकिली करतो म्हणून विचारतो. पेटी उघडल्यावर आतले सामान व्यवस्थित होते का?

ए-७०२ : नव्हते, आणि तीच गोष्ट सर्वांनी नीट वाचावी अशी आहे. नव्या मॅच रायफलीबरोबर कारखान्याने स्वतः मारलेल्या गोळ्यांचे एक छोटे टेस्ट कार्ड येते. पाच छर्रे दहा मीटरवरून मारलेले असतात आणि चांगल्या नळीने ते इतके एकावर एक बसतात की कार्डावर एकच, कडा किंचित फाटलेले भोक दिसते. त्या कार्डावर रायफलचा अनुक्रमांक लिहिलेला असतो. आमच्या पेटीतल्या कार्डावरचा क्रमांक आणि नळीजवळ कोरलेला क्रमांक वेगळा होता. शेवटचे तीन अंक जुळत नव्हते. याचा अर्थ पेटी आधी कोणीतरी उघडली होती आणि दोन रायफलींचे सामान एकमेकांत मिसळले होते. ग्रिप, म्हणजे हातात धरायची मूठ, मध्यम आकाराची मागवली होती, ती मोठी निघाली.

सर्वांत गंभीर बाब सिलिंडरची होती. या रायफली दाबलेल्या हवेवर चालतात, सिलिंडर साधारण दोनशे बार दाबापर्यंत भरतात आणि त्याचे आयुष्य निर्मितीच्या तारखेपासून दहा वर्षांचे मानले जाते. ही तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत सिलिंडर मुदतीत असल्याची जबाबदारी खेळाडूवरच टाकलेली आहे आणि उपकरण तपासणीत ती पाहिली जाऊ शकते. आम्हाला मिळालेला सिलिंडर चार वर्षांपूर्वीचा होता. नव्या रायफलीची पूर्ण किंमत मोजून आम्ही जवळपास निम्मे आयुष्य कोणाच्या तरी गोदामात संपलेला सिलिंडर विकत घेतला. हे विचारल्यावर उत्तर आले की सिलिंडर वापरलेला नाही, म्हणजे नवाच आहे.

बी-६०४ : हे तर धक्कादायक आहे. मग तुम्ही थेट कारखान्याला लिहिले नाही का?

ए-७०२ : लिहिले. दोन्ही क्रमांकांचे आणि सिलिंडरवरच्या तारखेचे फोटो जोडून, अगदी सभ्य भाषेत ईमेल केला. उत्तर लवकर आले, पण त्यात एवढेच होते की आपल्या देशातील अधिकृत आयातदाराशी संपर्क साधावा. आयातदार म्हणतो की वॉरंटी कारखान्याची आहे. कारखाना म्हणतो की ग्राहक आयातदाराचा आहे. तीन लाख रुपये मोजणाऱ्या माणसाने या दोघांच्या मध्ये उभे राहून कोणाचे पाय धरायचे? घरातल्या मिक्सरलाही शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड मिळते. आमच्या रायफलीच्या पेटीतल्या कार्डावर विक्रेत्याच्या नावाची जागा कोरी होती.

माझी तक्रार कारखान्यांच्या कारागिरीबद्दल अजिबात नाही, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. नळी, ट्रिगर, सगळे अप्रतिम आहे. परंतु ज्याला देशभराच्या विक्रीचे हक्क दिले तो खेळाडूंशी कसा वागतो, हे पाहण्याची जबाबदारी कारखान्याने झटकावी, हे मला पटत नाही.

डी-९०१ : वहिनी, एक सुचवू का? माझा धाकटा भाऊ स्टुटगार्टला नोकरी करतो. उल्म तिथून फार लांब नाही. त्याने तिथल्या दुकानातून रायफल घेतली आणि सुट्टीवर येताना सामानातून आणली, तर हे सगळे टळेल.

ए-७०२ : भाऊ, तुमची भावना समजते, पण कृपया असे करू नका. जर्मनीत ही रायफल प्रौढ व्यक्तीला परवान्याशिवाय विकत घेता येते हे खरे आहे, पण भारताच्या आयात धोरणात शस्त्रांची आयात निर्बंधित आहे. नामांकित नेमबाजांना आयातीची जी सवलत मिळते ती स्पर्धेतील गुणांवर आणि राष्ट्रीय रायफल संघटनेच्या शिफारशीवर अवलंबून असते. कागद हातात नसताना विमानतळावर रायफल घेऊन उतरणे म्हणजे जप्तीला आणि त्याहून मोठ्या अडचणीला आमंत्रण आहे. मुलांच्या खेळात असा डाग लागता कामा नये. खरी मेख इथेच आहे: ज्याची मुले अजून त्या गुणांपर्यंत पोहोचलेली नाहीत, त्याच्यापुढे मोजक्या आयातदारांखेरीज मार्गच नसतो, आणि हे त्या आयातदारांना पुरते ठाऊक असते.

बी-६०४ : प्रशिक्षक म्हणतात की एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा मिळेल ती रायफल घ्यावी आणि सराव सुरू करावा. सुरुवातीच्या खेळाडूला सिलिंडरच्या तारखेने किंवा ग्रिपच्या आकाराने खरोखर किती फरक पडतो?

ए-७०२ : सरावाचे महत्त्व मी कमी लेखत नाही, पण या खेळात फरक किती सूक्ष्म असतो ते पाहा. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. पंच्याहत्तर मिनिटांत साठ गोळ्या, प्रत्येक गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण, म्हणजे एकूण ६५४. अंतिम फेरीत कोण जाणार हे अनेकदा दशांशावर ठरते. ग्रिप मोठी असेल तर बोट ट्रिगरवर तिरके पडते आणि दाब सरळ मागे येत नाही. मूल ती सवय अंगवळणी पाडून घेते आणि पुढे ती मोडायला दुप्पट कष्ट पडतात. रेग्युलेटरमधून (हवेचा दाब नियंत्रित करणारा भाग) किंचित गळती असेल तर छऱ्याचा वेग गोळीगणिक बदलतो, ग्रुपिंग, म्हणजे गोळ्यांच्या खुणांचा पुंजका, उभ्या रेषेत पसरते आणि मूल स्वतःला दोष देत राहते. आमच्या मुलीने तेच केले. आपला श्वास चुकतो आहे, असे तिला कित्येक आठवडे वाटत होते. वेगमापकावर तपासल्यावर कळले की दोष ओ-रिंगचा, म्हणजे हवा गळू न देणाऱ्या रबरी कडीचा, होता.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला आणि दुरुस्तीत तिची बहुमोल मिनिटे गेली, हे आपण सगळ्यांनी पाहिले. उपकरण साथ देत नसेल तर त्या पातळीवरची खेळाडूही हतबल होते. आपल्या मुलांच्या मागे तर दुरुस्ती करणारा कोणी उभाही नसतो. म्हणून माझे म्हणणे असे आहे की सुटे भाग भारतात कोणाकडे मिळतात आणि दुरुस्ती कोण करतो, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. आमची ती रबरी ओ-रिंग अगदी किरकोळ किमतीची, पण ती मिळेपर्यंत कॅप्टन एझिकेल राज्य नेमबाजी स्पर्धा येऊन गेली होती.

सी-२०३ : कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ही खरेदी व्यवसायासाठी नसून वैयक्तिक वापरासाठी आहे, त्यामुळे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पूर्ण लागू होतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. विक्रेत्याच्या शहरात खेपा घालण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. काही प्रकरणे तिथेच मिटतात. मात्र यातले काहीही चालायचे असेल तर कागद हवा. फोनवरचे बोलणे लगेच ईमेलने कळवून ‘आपण आज असे सांगितलेत’ एवढे लिहिले, तरी पुढे ते उपयोगी पडते. पैसे रोख देऊ नयेत आणि जीएसटीसह पक्के बिल घ्यावे. ताई, तुमच्या प्रकरणात पुढे काय झाले?

ए-७०२ : तुम्ही सांगता तसेच लेखी पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवले, फोटो जोडले आणि ग्राहक आयोगाकडे जाण्याचा उल्लेख केला. त्यानंतर सिलिंडर बदलून मिळाला, ग्रिपही मिळाली. टेस्ट कार्डाचा खुलासा आजतागायत झालेला नाही आणि उशिराबद्दल दिलगिरीचा एक शब्दही आलेला नाही. एक मान्य करते की सगळे विक्रेते असे नसतात. छर्रे आम्ही ज्यांच्याकडून घेतो ते गृहस्थ लॉट क्रमांक (उत्पादनाच्या तुकडीचा क्रमांक) स्वतःहून लिहून पाठवतात आणि संपला असेल तर तसे सरळ सांगतात.

दादा, तुम्ही आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी डीलरला एक ईमेल पाठवा. त्यात मॉडेलचे पूर्ण नाव, उजव्या हाताची की डाव्या हाताची, ग्रिपचा आकार, रुपयांतील अंतिम किंमत आणि ती युरोच्या दरानुसार बदलणार की नाही, पोहोचण्याची तारीख आणि ती चुकल्यास रक्कम परत मिळण्याची अट, हे सगळे नमूद करा. सिलिंडर एक मिळेल की दोन आणि त्यांची निर्मिती कोणत्या वर्षाची असेल हेही विचारा. वॉरंटीत दुरुस्ती कोण आणि कुठे करणार, हे नावानिशी मागा. उत्तर आले नाही, तर तेच उत्तर समजा आणि दुसऱ्या आयातदाराकडे जा, जरी थोडे जास्त थांबावे लागले तरी.

बी-६०४ : आज रात्रीच मसुदा तयार करतो. ताई, वकील काका, पाठवण्यापूर्वी तुम्हा दोघांना दाखवू का?

सी-२०३ : अवश्य पाठवा. आगाऊ रक्कम परत मिळण्याची अट मी माझ्या शब्दांत घालून देतो.

ए-७०२ : पाठवा. आणि रायफल आली की पेटी एकट्याने उघडू नका, मला बोलवा. सील फोडण्यापासून सगळ्याचे चित्रीकरण करू, टेस्ट कार्ड आणि नळीवरचा क्रमांक ताडून पाहू, सिलिंडरच्या तारखेचा फोटो काढू आणि मगच पोचपावतीवर सही करा.