मदत हवी आहे: रिक्वायरमेंट लिहिताना माझं नेमकं काय चुकतंय?

पाटीपेन्सिल:
सहा वर्षं टेस्टिंग केलं. नुकतीच बिझनेस अ‍ॅनालिस्ट झाले आणि पहिल्याच कामात तोंडावर आपटले. रजेच्या अर्जांची सिस्टीम होती. चाळीस पानांचं एसआरएस (सिस्टीमने काय काय करायचं, म्हणजेच रिक्वायरमेंट्स, याचा दस्तऐवज) लिहिलं, क्लायंटने सही केली आणि डेमोच्या दिवशी म्हणाले, ‘आम्ही हे मागितलंच नव्हतं.’

भांडण पेटलं ते या वाक्यावरून: ‘व्यवस्थापक नसल्यास अर्ज वरिष्ठांकडे जावा.’ डेव्हलपरने अर्थ घेतला, ते पदच रिकामं असेल तर. क्लायंटच्या मनात होतं, व्यवस्थापक स्वतःच रजेवर असेल तर. आणि माझ्या मनात, खरं सांगायचं तर, यातलं काहीच नव्हतं. मीटिंगमध्ये कानावर पडलं ते उतरवून घेतलं.

शिवाय ‘सिस्टीम फास्ट असावी’ हेही त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलंय. आता ते स्लो म्हणतात आणि माझ्याकडे बोट ठेवायला आकडा नाही.

दुसरा टप्पा सुरू होतोय. टेम्प्लेट आयईईई ८३० चं, म्हणजे एसआरएस कसं लिहायचं याच्या स्टँडर्डचं आहे. ते बदलू का? की सरळ युजर स्टोरीज (वापरणाऱ्याच्या बाजूने एकेका ओळीत मांडलेली गरज) लिहू?

खोडरबर:
टेम्प्लेटचा दोष नाही. ८३० ची शेवटची आवृत्ती १९९८ ची. २०११ मध्ये तिच्या जागी २९१४८ हे स्टँडर्ड आलं, २०१८ मध्ये तेही सुधारलं. नवं जरूर वापरा, पण नुसती शीर्षकं बदलून तुमचं ‘नसल्यास’ सुटलं नसतं.

तुम्ही टेस्टर होतात ना? मग प्रत्येक रिक्वायरमेंट लिहिली की तिथल्या तिथे तिची टेस्ट केस, म्हणजे ती पूर्ण झाली का हे कसं तपासायचं, ते लिहा. या वाक्याची लिहायला बसला असतात, तर प्रीकंडिशनलाच (तपासण्याआधी नेमकी काय परिस्थिती हवी) अडला असतात. जिथे अडाल, तो क्लायंटला विचारायचा प्रश्न. वरिष्ठही रजेवर असले तर? व्यवस्थापकाने स्वतःचाच अर्ज टाकला तर? अर्ज वर गेल्यावर व्यवस्थापक परत आला तर?

‘फास्ट’चंही तसंच. ‘एकाच वेळी २०० जण वापरत असताना ९५ टक्के अर्ज ३ सेकंदांत सेव्ह व्हावेत’ असं काहीतरी हवं. आकडा विचारला की क्लायंट गप्प बसतो. मी अशा वेळी मुद्दाम एक अचाट आकडा टाकतो, मग लगेच दुरुस्त करून मिळतो!

युजर स्टोरीने सुटका नाही. स्टोरीच्या कार्डावरची ओळ म्हणजे पुढे बोलायचंय याची आठवण, खरा मजकूर त्या बोलण्यातून ठरणाऱ्या अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरियात (काम पूर्ण झालं असं कधी मानायचं, त्या अटींत) असतो.

तिसरा_डोळा:
वाक्यरचनेसाठी ‘ईअर्स’ पद्धत बघा. रोल्स-रॉइसमधल्या मंडळींनी २००९ मध्ये मांडली. घटना असेल तर ‘जेव्हा’, स्थिती टिकून असेल तर ‘जोपर्यंत’, नको ते घडलं तर ‘जर-तर’, आणि पुढे सिस्टीमने काय करायचं. म्हणजे: ‘जोपर्यंत व्यवस्थापकाची मंजूर रजा चालू आहे, तोपर्यंत आलेला प्रत्येक नवा अर्ज सिस्टीमने थेट त्याच्या वरिष्ठांकडे पाठवावा.’

आणि ‘अर्ज मंजूर केला जावा’ असली वाक्यं टाळा. कोणी मंजूर करायचा? ‘पाठवू शकते’ही नको. ती मुभा आहे की क्षमता, हे वाचणारा आपापल्या सोयीने ठरवतो.

पाटीपेन्सिल:
दोघांचेही आभार. काल त्या एकाच वाक्याच्या टेस्ट केसेस लिहिल्या, सात प्रश्न निघाले. लाजच वाटली.

पण आता नवीनच घोळ. एचआर म्हणतं, अर्ज दोन दिवस थांबवून मग वर पाठवा. पेरोलवाले म्हणतात, लगेच पाठवा. कोणाचं लिहू?

खोडरबर:
सध्या कोणाचंच नको. ‘निर्णय बाकी’ असं लिहून त्या रिक्वायरमेंटला नंबर द्या. दोघांना एकत्र बसवा, पण त्याआधी शेवटचा शब्द कोणाचा हे क्लायंटकडून लेखी घ्या. आणि एचआरला ते दोन दिवस कशासाठी हवेत, हे विचारलंत का? माझा अंदाज, कोणीतरी अर्ज मागे घेतो म्हणून. तसं असेल तर त्यांना थांबवणं नकोय, ‘अर्ज मागे घ्या’ बटण हवंय.