शब्दचर्चा : निर्वासित, तडीपार की हद्दपार?

साखळीकर
चतुर्थीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेत वादविवाद स्पर्धा आहे. समितीकडून विषय आला तो असा : 'गंभीर गुन्हे करणाऱ्या स्थलांतरितांना निर्वासित करावे काय?' मी फळ्यावर लिहिला तर नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, निर्वासित म्हणजे घरदार सोडून पळून आलेले ना? त्यांना आणखी निर्वासित कसे करणार?" स्टाफरूममध्ये एकाने 'तडीपार' सुचवला, दुसऱ्याने 'हद्दपार'. एक बाई म्हणाल्या, सरळ 'डिपोर्ट' लिहा, पोरांना तेच कळते. पत्रक छापायला द्यायचे आहे. जाणकारांनी सांगावे.

कोशवेडा
मुलीचे बरोबर आहे. समितीने विषय हिंदीतून उचललेला दिसतो. हिंदीत 'निर्वासन' म्हणजे देशाबाहेर घालवणे, आणि आश्रयाला आलेल्याला तिथे 'शरणार्थी' म्हणतात. मराठीत फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावण्यांत सिंधी कुटुंबे आली, त्यांना आपण 'निर्वासित' म्हटले आणि तो शब्द तिथेच रुतला. व्युत्पत्तीने पाहिले तर अर्थ 'वस्तीतून बाहेर काढलेला' असाच आहे, पण आज मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर तंबू आणि गाठोडी येतात, तुरुंगातून विमानतळावर नेलेला आरोपी येत नाही.

जाता जाता : साळावली धरणात कुर्डी गाव गेले, त्या लोकांना आपण 'विस्थापित' म्हणतो, 'निर्वासित' नाही. छटा इतक्या बारीक असतात. 'निर्वासित करावे' हे रद्दच करा.

पेडणेकर
मग तडीपारच की. रोज पेपरात येतो. 'अमुक गुंड तडीपार.' जोरदार वाटतो, फलकावर उठून दिसतो.

वकीलबाई, मडगाव
पेडणेकरभाऊ, उठून दिसेल, पण विषयच बदलेल. तडीपारी ही आपल्याच नागरिकाची असते. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस कायद्यातली कलमे ५५ ते ५७ त्यासाठी वापरतात, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. आपल्याकडे गोव्यात १९८८ चा सार्वजनिक सुरक्षा कायदा आहे. त्या माणसाला ठरलेल्या हद्दीबाहेर राहायला सांगतात, मुदत संपली की तो परत घरी. इथला तडीपार सीमेपलीकडे बांद्याला किंवा दोडामार्गला खोली घेऊन बसतो आणि संध्याकाळी त्याची पोरे त्याला भेटून येतात, हे तुम्हा पेडण्याच्या लोकांना मी काय सांगायचे!

दुसरे असे की तडीपारीला गुन्हा सिद्ध व्हावाच लागतो असे नाही. पुढे उपद्रव करील या भीतीनेही ती होते. समितीच्या विषयात तर गुन्हा 'केलेले' लोक आहेत.

पेडणेकर
बांद्याची खोली एकदम पटली. मागे घेतो.

जुना गोंयकार
'हद्दपार' घ्या, पण गोव्यात त्याला एक वेगळा वास आहे हे मुलांना सांगा. आमच्या वडिलांच्या पिढीत हद्दपार झालेला माणूस म्हणजे मानाचा माणूस. राममनोहर लोहिया १८ जून १९४६ ला मडगावात पोर्तुगीज राजवटीविरुद्ध बोलले. सप्टेंबरात पुन्हा आले तेव्हा आग्वादच्या तुरुंगात ठेवून मग सीमेबाहेर नेऊन सोडले. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात पाठवले. पुरुषोत्तम काकोडकरही तिकडेच. मोहन रानडे सांगलीचे, सावईवेरेला मराठी शिकवायला आले होते. ते लिस्बनजवळच्या काशियास तुरुंगात इतके राहिले की इकडे १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी सुटका १९६९ ला झाली. हे सगळे पोर्तुगीज सरकारच्या लेखी गंभीर गुन्हेगारच होते.

आणि उलटी गोष्टही आहे. सोळाव्या शतकापासून पोर्तुगाल स्वतःचे गुन्हेगार जहाजात भरून इकडे आणि आफ्रिकेत पाठवत असे. त्यांना 'देग्रेदादु' म्हणत. लिस्बनने आपले रस्ते साफ केले, कचरा कुणाच्या दारात पडला ते आमच्या पूर्वजांना विचारा. शिक्षा म्हणून माणूस दुसऱ्या देशात ढकलायचा, ही कल्पना गोव्याने दोन्ही बाजूंनी भोगलेली आहे.

कोशवेडा
वा. 'हद्द' अरबी, 'पार' संस्कृत. दोन्हींचा रोख सीमेकडे. शब्दात कुठेही 'देश' नाही, म्हणून गावातून, जिल्ह्यातून, देशातून, कुठूनही हद्दपारी होऊ शकते. पूर्वी गावकी वाळीत टाके, तेव्हाही 'गावातून हद्दपार' म्हणत. हल्ली तर 'प्लॅस्टिक हद्दपार' आणि 'मलेरिया हद्दपार' असतेच. त्यामुळे नेमकेपणा हवा तर पुढे 'देशाबाहेर' जोडावे लागेल.

सुर्ला
एवढा काथ्याकूट कशाला? 'हाकलून द्यावे काय' लिहा. ड्रग्ज विकतात, आमच्या पोरांना नासवतात, आणि आम्ही त्यांच्यासाठी शब्द शोधतोय. पर्वरीला २०१३ साली परदेश्यांनी हमरस्ता अडवला तेव्हा बघितले ना?

वकीलबाई, मडगाव
सुर्लाभाऊ, बघितले. त्या दिवशी रस्त्यावर जो मृतदेह होता तोही त्यांच्यातल्याच एका माणसाचा होता, त्याचा खून झाला होता. त्यानंतर सरसकट 'सगळ्यांना हाकला' सुरू झाले. व्हिसा संपलेला, रस्ता अडवणारा, ड्रग्ज विकणारा आणि खून झालेल्याचा मित्र, हे चार वेगळे लोक एका क्रियापदात कोंबले गेले. 'हाकलणे' गुरांसाठी ठीक आहे, स्पर्धेत नको.

नवखी वाचक
मला 'स्थलांतरित' खटकतो. आमच्या वाड्यावर हा शब्द म्हटला की लोकांना बांधकामावरचे कामगार आठवतात, कर्नाटकचे, बिहारचे, झारखंडचे. 'भायले' (बाहेरचे) म्हणजे तेच. मुले स्टेजवर जाऊन त्यांच्याबद्दलच बोलणार बघा.

साखळीकर
ताई, तुम्ही नेमके बोट ठेवलेत. एका मुलाने लिहून आणलेले भाषण वाचले. पहिलेच वाक्य : 'बाहेरच्या राज्यांतून येऊन गोव्यात चोऱ्या करणाऱ्यांना हद्दपार केलेच पाहिजे.'

वकीलबाई, मडगाव
त्या मुलाला सांगा, बिहारच्या नागरिकाला गोव्यातून 'डिपोर्ट' करता येत नाही. घटनेच्या कलम १९ ने भारतीय नागरिकाला देशात कुठेही फिरण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. त्याने चोरी केली तर खटला भरा, शिक्षा द्या, फार तर तडीपार करा. तो हक्क परदेशी माणसाला नाही. पण जीविताचा आणि स्वातंत्र्याचा कलम २१ चा हक्क 'प्रत्येक व्यक्तीला' आहे, त्यात परदेशीही आला. अख्खा वाद या दोन कलमांच्या मध्ये बसतो. तेव्हा 'स्थलांतरित' काढा, 'परदेशी नागरिक' घाला. सरकारी 'आप्रवासी' कोणी बोलत नाही.

पेडणेकर
आणि आम्हा मराठी बोलणाऱ्यांना कोण 'घाटी' म्हणून हाकलू लागला तर तेही कलम १९ मध्येच अडकेल ना? विचारून ठेवतो 🙂

वकीलबाई, मडगाव
अडकेल, अडकेल. निश्चिंत राहा.

कोशवेडा
'प्रत्यार्पण' राहिला. वृत्तपत्रे त्याची आणि देशाबाहेर काढण्याची सरमिसळ करतात.

वकीलबाई, मडगाव
करतात, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्याच दाराशी घडले आहे. चार्ल्स शोभराज तिहारमधून पळाला आणि एप्रिल १९८६ मध्ये पर्वरीच्या एका रेस्टॉरंटमध्ये मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी त्याला पकडले. थायलंडला तो प्रत्यार्पणाने हवा होता, म्हणजे 'आमच्याकडे खटला चालवायचा आहे, आमच्या ताब्यात द्या' अशी एका देशाची दुसऱ्या देशाकडे मागणी. ते झाले नाही. तो इथली शिक्षा भोगून १९९७ मध्ये सुटला आणि फ्रान्सला गेला, कारण नागरिकत्व तिथले. ही देशाबाहेर पाठवणी. यात कोणी मागितलेला नसतो, यजमान देश म्हणतो, आता तू जा. पुढे काय झाले ते पाहा. पॅरिसमध्ये मोकळा फिरला, २००३ ला काठमांडूत गेला, तिथे जुन्या खुनांसाठी पकडला गेला, आणि २०२२ च्या डिसेंबरात नेपाळनेही त्याला फ्रान्सलाच पाठवले.

प्रत्यार्पणाचे उदाहरण हवे तर अबू सालेम. पोर्तुगालने २००५ मध्ये सोपवला, पण फाशी द्यायची नाही आणि पंचवीस वर्षांहून जास्त तुरुंगात ठेवायचे नाही असे वचन भारताकडून घेऊन. प्रत्यार्पणात अटी घालता येतात, करार असतो, न्यायालय असते. देशाबाहेर काढताना सरकारचा हात बराच मोकळा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ सालीच एका जर्मन माणसाच्या खटल्यात, हॅन्स म्युलर प्रकरणात, हा फरक सांगितला आणि परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे असे म्हटले. १९४६ चा परदेशी नागरिक कायदा तेव्हा लागू होता. आता १ सप्टेंबर २०२५ पासून त्याच्या आणि आणखी तीन जुन्या कायद्यांच्या जागी नवा कायदा आला आहे.

सुर्ला
हात मोकळा आहे तर काढत का नाहीत? म्हापशाच्या जुन्या तुरुंगात ठेवून पोसतात.

वकीलबाई, मडगाव
पासपोर्ट फाडून टाकलेला असतो. दूतावासाने 'हा आमचा' म्हटल्याशिवाय विमानात बसवता येत नाही. आणि खटला चालू असेपर्यंत आरोपीला देश सोडू देत नाहीत. म्हणून काही जण मुद्दाम एखाद्या बारीकशा गुन्ह्यात अडकून घेतात, ही तक्रार इथले पोलीस आणि मंत्री दोघेही करत आले आहेत. गुन्हा केल्यामुळे मुक्काम वाढतो!

तुमच्या 'हाकला' मध्ये आणखी एक खोट आहे. अमली पदार्थांचा मोठा साठा सापडला तर १९८५ च्या कायद्याने किमान दहा वर्षे आहेत. खटल्याआधीच विमानात बसवले तर त्या माणसाला फुकटचे तिकीट मिळाले. कोलवाळच्या तुरुंगात शिक्षा भोगू दे, मग जाऊ दे. २००३ चा कैदी हस्तांतरणाचा कायदाही आहे, त्यात उरलेली शिक्षा मायदेशी भोगता येते, पण दोन्ही देशांचा करार लागतो आणि कैद्याची संमतीही.

सुर्ला
हे पटते. आधी कोलवाळ, मग विमान. माझे मत तेच समजा.

आगशीची शिला
मी एवढा वेळ वाचत होते. आमचा भाचा ब्रिटनमध्ये स्विंडनला असतो. गोव्यातल्या शेकडो घरांसारखेच आमचे : आजोबा पोर्तुगीज काळात जन्मले, त्यांच्या नावावर लिस्बनमध्ये जन्मनोंद झाली, पोराला पोर्तुगालचा लाल पासपोर्ट मिळाला आणि भारताचे नागरिकत्व गेले. ब्रिटनमध्ये २००७ च्या कायद्याने परदेशी माणसाला १२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली की गृहखात्याने त्याला देशाबाहेर काढायचेच असते, काही अपवाद सोडून. ब्रेक्झिटनंतर केलेल्या गुन्ह्यांना युरोपच्या पासपोर्टाचे जुने संरक्षणही नाही. आता देव न करो, पण आमच्या पोराने दारूच्या नशेत कुणाला मारले आणि दीड वर्ष झाले, तर ते त्याला कुठे पाठवतील? गोव्याला नव्हे. पोर्तुगालला! तिथे त्याने पासपोर्टाच्या कामापलीकडे पाऊल ठेवलेले नाही, भाषा येत नाही.

इथे 'हद्दपार करा' म्हणून टाळ्या घेणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांचे मामा-काका तिकडे आहेत. 'परदेशी गुन्हेगार' म्हणजे कुणी काळा-गोरा बीचवरचा माणूस एवढेच चित्र असेल तर वाद अर्धा राहील.

जुना गोंयकार
शिलाबाय, हे स्टेजवर कुणीतरी म्हणायला हवे.

कोशवेडा
आणि आता 'परत पाठवणे' सुद्धा गडबडला. जिथून आला तिथे 'परत' असते. त्या मुलासाठी लिस्बन 'परत' कसे? 'मायदेशी पाठवणे' तर त्याहून चुकीचे. 'देशाबाहेर पाठवणे' एवढेच खरे उरते, कुठे ते सांगत नाही. ('पाठवणी' वापरू नका मात्र. मुलीची पाठवणी असते, मागून करवल्या येतील.)

साखळीकर
सगळ्यांचे आभार. समितीला पाठवतो तो मसुदा असा : 'गंभीर गुन्ह्यासाठी शिक्षा भोगलेल्या परदेशी नागरिकांना देशाबाहेर पाठवावे काय?' निर्वासित, तडीपार, स्थलांतरित तिन्ही गेले. हद्दपार मुलांनी भाषणात वापरावा, जुन्या गोंयकारांनी सांगितलेल्या इतिहासासकट.

पेडणेकर
फलकावर मावणार नाही सर.

साखळीकर
दोन ओळींत लिहू.

वकीलबाई, मडगाव
मसुदा चांगला आहे. फक्त 'गंभीर' शब्दावर मुले भांडतील, त्याची तयारी ठेवा. ब्रिटनने १२ महिन्यांची रेघ ओढली आहे. आपल्याकडे 'गंभीर गुन्हा' याची व्याख्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात सापडते, साधारण तीन ते सात वर्षे शिक्षेचे गुन्हे, आणि त्यावरचे 'घोर'. पण ती अल्पवयीनांसाठी. परदेशी माणसाला काढायला आपल्या कायद्याला गुन्हाच लागत नाही, व्हिसा संपला तरी पुरतो. त्यामुळे कुठल्या गुन्ह्याला 'गंभीर' म्हणायचे हे त्या नववीच्या मुलीलाच विचारा. ती नीट विचारते.

साखळीकर
विचारले. ती म्हणते, बलात्कार आणि खून नक्की, ड्रग्ज विकणे पण, चोरी नाही. मग तिने मला विचारले : आणि दारू पिऊन गाडी कुणाच्या अंगावर घातली तर? तिच्या वर्गात त्यावर दोन तट पडले आहेत.