मोबाईल डेटावर सर्व्हर उघडतो, कारखान्याच्या वायफायवर नाही

टॉवेलवाला_एमआयडीसी
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट आहे. ऑफिसात उबुंटू २२.०४ (लिनक्स) वर नेक्स्टक्लाउड, म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर फायली ठेवायचं सॉफ्टवेअर, चालतं. जेकार्डच्या डिझाइन फायली, चलनं सगळं त्यातच. सर्व्हर १९२.१६८.१.५०, फायबरचा राउटर १९२.१६८.१.१, स्टॅटिक पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता), पोर्ट ४४३ (https चा) सर्व्हरकडे फॉरवर्ड केलेला. मोबाईल डेटावर डोमेन लगेच उघडतं. ऑफिसच्या वायफायवर तेच नाव टाकलं की सर्टिफिकेट चुकीचं असल्याचा इशारा. आयपी टाकला तर 'अनट्रस्टेड डोमेन'. मागच्या शेडमध्ये दुसरा राउटर आहे, तिथून आयपीवरही काही नाही. पिंगला (सर्व्हर उत्तर देतो का ते तपासणाऱ्या कमांडला) 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. सर्व्हरची फायरवॉल बंद करून पाहिली, फरक नाही.

तारजोड
मालक, फायरवॉल आधी चालू करा, तिचा काही दोष नाही.

शेडचं बघू. पिंगच्या उत्तरात 'रिप्लाय फ्रॉम' पुढे शेडमधल्या पीसीचाच आयपी दिसतोय का? दिसत असेल तर दुसरा राउटरही १९२.१६८.१.x असेच पत्ते देतोय. मग पीसीला वाटतं .५० (म्हणजे सर्व्हर) आपल्याच शेडमध्ये आहे. तो तिथेच हाका मारतो, डेटाचं पाकीट ऑफिसकडे निघतच नाही. इंटरनेट कधीकधी तरीही चालतं, म्हणून शंका येत नाही.

त्या राउटरला नुसता ॲक्सेस पॉइंट करा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता फक्त वायफाय देईल. लॅपटॉप त्याला केबलने जोडा, डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणं) बंद करा, लॅन (आतल्या नेटवर्कचा) आयपी १९२.१६८.१.२ द्या, सेव्ह करा. मगच ऑफिसकडून येणारी केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टातून काढून लॅन पोर्टात घाला. हा क्रम उलटा केलात तर एकाच नेटवर्कवर दोन डीएचसीपी आणि दोन १९२.१६८.१.१ येतील, ऑफिसही बंद पडेल. मुख्य राउटरची डीएचसीपी रेंज १०० ते २०० ठेवा, म्हणजे .२ आणि .५० दुसऱ्या कुणाला जाणार नाहीत. शेडमध्ये गेस्ट वायफाय वापरू नका. त्यावरून लॅनमधलं काही दिसत नाही.

पोर्ट_५३
ऑफिसचा प्रश्न वेगळा. इशारा आला की सर्टिफिकेट उघडून बघा, बहुधा त्यावर राउटरचं नाव असेल. नाव तुमच्या पब्लिक आयपीकडे जातं, तो पत्ता राउटरचा स्वतःचा, म्हणून तो आतून आलेली मागणी सर्व्हरकडे न वळवता स्वतःचं लॉगिन पान पुढे करतो. सेटिंगमध्ये 'नॅट लूपबॅक' किंवा 'हेअरपिन' असेल तर चालू करा, काम झालं. फायबरवाल्यांच्या राउटरमध्ये ते बऱ्याचदा नसतं.

नसेल तर सर्व्हरवर डीएनएसमास्क (नावाचा आयपी सांगणारा छोटा डीएनएस सर्व्हर) टाका आणि डोमेनचं उत्तर १९२.१६८.१.५० द्या. उबुंटूत पोर्ट ५३ (डीएनएसचा) आधीच सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड या सेवेकडे असतो. तिच्या सेटिंग फाइलीत 'डीएनएसस्टबलिसनर' ला 'नो' करा, नाहीतर डीएनएसमास्क सुरूच होणार नाही. मग राउटरच्या डीएचसीपीत डीएनएस म्हणून फक्त .५० द्या. दुसऱ्या रकान्यात ८.८.८.८ (गूगलचा डीएनएस) भरायचा मोह टाळा. संगणक मनाला येईल त्याला विचारतो, मग कधी उघडतं, कधी नाही, आणि ते शोधताना डोकं जातं.

'अनट्रस्टेड डोमेन'साठी नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिग फाइलीतल्या ट्रस्टेड डोमेन्समध्ये आयपी घालता येतो, पण सर्टिफिकेट नावाचं आहे, इशारा येतच राहील. नावच वापरा.

टॉवेलवाला_एमआयडीसी
शेड सुरू झालं. लूपबॅक नव्हतं, डीएनएसमास्क टाकलं. पीसी सगळे ठीक, फक्त दोन अँड्रॉइड फोनवर अजून तोच इशारा.

पोर्ट_५३
त्या फोनवर 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. तिथे एखाद्या सेवेचं नाव भरलेलं असेल तर फोन तुमच्या डीएनएसला विचारतच नाही. 'ऑटोमॅटिक' करा. तरीही तेच झालं तर राउटर आयपीव्ही६ वरून इंटरनेट कंपनीचा डीएनएस देतोय का पाहा, तो बंद करा.

तारजोड
एक राहिलं. आता सर्व्हर बंद पडला की नावं सापडणार नाहीत, म्हणजे सगळ्यांचं इंटरनेट गेल्यासारखंच. राउटर आणि सर्व्हर एकाच यूपीएसवर घ्या. आणि सुताचे तंतू पंख्यात बसतात. उन्हाळ्याआधी ब्लोअर मारून घ्या.