मदत हवी आहे: पोतं झटक्यात उचलावं की सावकाश?

नमस्कार मंडळी. इंदूरला सियागंजात आमचं ठोक किराण्याचं दुकान आहे. टेम्पो आला की आमचे दोन हमाल ३० किलोची पोती जमिनीवरून उचलून कमरेएवढ्या फळीवर रचतात. धाकटा गुडघ्याचा टेकू देऊन हिसक्यासरशी पोतं वर नेतो. संध्याकाळी त्याची कंबर धरते. थोरले दमानं उचलतात. त्यांची कंबर ठीक असते, पण हात-मांड्या भरून येतात.

माझ्या समजुतीप्रमाणे हिसक्यात वजनाला वेग द्यायला जादा जोर लागतो आणि तो ताण कंबरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. सावकाश उचललं तर ओझं हातात जास्त वेळ राहतं, स्नायू थकतात. कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायॉश' (NIOSH) संस्थेचं, किती वजन उचलावं हे ठरवणारं १९९१ चं सूत्र वाचलं. त्यात उत्तम परिस्थितीतही मर्यादा २३ किलो. मिनिटाला किती खेपा हे त्यात धरलंय, पण एका उचलीचा वेग नाही. उचलणं हिसका न देता होतं असं गृहीतच धरलंय.

पोतं अंगाशी धरायला सांगितलं, खाली लाकडी पाट ठेवला. थोडा फरक पडला. धाकट्याला डॉक्टरांना दाखवलंय, मणक्यात दोष नाही. लहान पोती मिळत नाहीत, अरुंद बोळातून हातगाडी आत येत नाही आणि टेम्पो फार वेळ उभा ठेवता येत नाही.

फिजिओथेरपी किंवा कारखान्यातल्या सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी कृपया सांगावं: जमिनीपासून कमरेपर्यंत एक पोतं साधारण किती सेकंदांत न्यावं, आणि त्या वेगाला दोन पोत्यांमध्ये विसावा किती हवा?