घाटघरला वर चढवलेल्या पाण्यातील पाव हिस्सा ऊर्जा कुठे जाते?

प्रश्न (वाटसरू):
भंडारदऱ्याजवळच्या घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पात खालच्या जलाशयातील पाणी रात्रीच्या विजेवर सुमारे 400 मीटर वर चढवतात आणि संध्याकाळी तेच पाणी खाली सोडून तासाला 250 मेगावॉट वीज निर्माण करतात. मात्र अशा प्रकल्पांत चढवण्यासाठी खर्च झालेल्या विजेपैकी साधारण तीन चतुर्थांशच परत मिळते, असे वाचनात आले. नववीतल्या माझ्या मुलीच्या पुस्तकात ऊर्जा नष्ट होत नाही असा नियम दिलेला आहे. मग उरलेला पाव हिस्सा कुठे गेला, आणि दरवेळी तोटाच होणार असेल तर हा खटाटोप कशासाठी?

उत्तर (जुना मास्तर):
आधी एक दुरुस्ती. ‘तासाला 250 मेगावॉट’ असे म्हणता येत नाही, कारण मेगावॉट हा ऊर्जा देण्याचा वेग आहे. संच तासभर पूर्ण क्षमतेने चालले तर अडीच लाख युनिट ऊर्जा मिळते. वर्तमानपत्रेही ही चूक सर्रास करतात.

आता एका घनमीटर पाण्याचा, म्हणजे 1000 किलोचा, हिशेब करू. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला, तर 1000 × 9.8 × 400 म्हणजे 39.2 लाख ज्यूल, अर्थात सुमारे 1.09 युनिट एवढी स्थितिज ऊर्जा त्या पाण्यात साठते. काटेकोर बोलायचे तर ती एकट्या पाण्याची नसून पृथ्वी आणि पाणी या जोडीची असते. हे पाणी चढवताना सुमारे सव्वा युनिट वीज लागते आणि उतरताना 0.96 युनिटच्या आसपास परत मिळते, असे धरू. मधली तफावत बोगद्यातील घर्षण, पाण्याचे भोवरे, बेअरिंग आणि तारांचा रोध यांच्यामुळे उष्णता होऊन पाण्यात व हवेत पसरते. ती नष्ट झालेली नसते. पण इतकी विखुरलेली असते की गोळा करून पुन्हा तिची वीज करणे व्यवहारात शक्य होत नाही.

उत्तर (गच्चीवरची टाकी):
आमच्या सोसायटीत हाच हिशेब मी मीटर पाहून केला. 5000 लिटरची टाकी 20 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे पाण्यात साठणारी ऊर्जा जेमतेम 0.27 युनिट भरते. मीटरवर मात्र 0.7 युनिट पडले. वीस मिनिटांनी मोटारीच्या आवरणावर हात ठेवला, तर क्षणभरही ठेववत नव्हता. आमच्या जुन्या पंपाच्या मानाने घाटघरची यंत्रे फारच काटकसरी म्हणावी लागतील.

उत्तर (लोडशेडिंग पाहिलेला):
खटाटोपाचे कारण असे की विजेच्या जाळ्यात निर्मिती आणि वापर यांचा मेळ क्षणोक्षणी बसावा लागतो. तो बिघडला की 50 हर्ट्झची वारंवारता हलू लागते. कोळशाचे संच मध्यरात्री बंद करून संध्याकाळी चटकन सुरू करता येत नाहीत, कारण बॉयलर थंड पडला तर पुन्हा तापवायला कित्येक तास जातात. पाण्याचा संच मात्र काही मिनिटांत भार घेतो. पहाटे तीनचे आणि संध्याकाळी सातचे युनिट ज्यूलमध्ये सारखेच असले, तरी जाळ्याला त्यांची गरज सारखी नसते. आता दुपारच्या सौरविजेमुळे पाणी चढवण्याची वेळ रात्रीऐवजी दिवसा येणे अधिक सयुक्तिक ठरू लागले आहे.

वाटसरू:
सर्वांचे आभार. मुलीने विचारले आहे की तेच पाणी रोज वरखाली होत राहिले, तर ते तापत जाईल का?

जुना मास्तर:
प्रश्न उत्तम आहे. वरच्या हिशेबातील 0.29 युनिटचा संपूर्ण तोटा त्याच घनमीटरभर पाण्यात मुरला असे मानले, तरी एका फेरीत तापमान सुमारे पाव अंश सेल्सिअसनेच वाढेल, कारण एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जवळपास 4200 ज्यूल लागतात. शिवाय तोट्याचा काही भाग यंत्रांतून थेट हवेत जातो, आणि जलाशयाच्या उघड्या पृष्ठभागावरून बाष्पीभवन होत असल्यामुळे ती पाव अंशाची वाढही साचून राहत नाही.